सिस्टरची ओव्हर सिस्टरलाच

मी नर्स आहे. पुरुष आहे आणि नर्स आहे, म्हणून मला 'ब्रदर' म्हणतात. घरी सख्ख्या भावानं मला कधी चांगल्या नावानं हाक मारली नाही, पण कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली आणि मी अख्ख्या जिल्ह्याचा भाऊ झालो. सीमेकडून येणाऱ्या म्हाताऱ्यांना 'ब्रदर' म्हणता येत नसे, ते 'बिरादार' म्हणत. एका आजोबांनी तर त्या आडनावावरून माझं मूळ गाव शोधून काढलं, विजापूरच्या अलीकडे कुठंतरी, आणि तिथल्या माझ्या चुलत्यांची खुशालीही सांगितली. चुलते बरे आहेत हे ऐकून मलाही बरं वाटलं.

स्वाइन फ्लूची साथ आली त्या साली मेट्रनबाईंनी आम्हा सगळ्यांना एकत्र बोलावलं. मागच्या बाजूला डोळ्यांचा जुना वॉर्ड होता. तिथं साथीचे पेशंट ठेवायचे ठरलं होतं आणि त्यासाठी वेगळा स्टाफ हवा होता. "कोण कोण तयार आहे?" त्यांनी विचारलं. सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. मी हात वर केला. मला एवढंच विचारायचं होतं, की त्या वॉर्डाकडं चहा कुठून येणार? आमचा चहावाला तिकडं फिरकत नसे.

"बघा, ब्रदर तयार झाले," मेट्रनबाई म्हणाल्या.

"तसं न्हाय, मी चहाचं विचारत होतो."

"चहाचं बघू की आपण. लिहा यांचं नाव."

माझ्या शौर्याची हकिगत एवढीच. पुढं लोकांनी, विशेषतः सासुरवाडीनं, तिच्यात भर घातली आणि मी ती घालू दिली.

डोळ्यांच्या वॉर्डातली बाकी सगळी सामग्री हलवली होती, फक्त भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता तसाच राहिला होता. वरचं अक्षर टोपल्याएवढं, खालची ओळ मुंग्यांची. तापानं फणफणलेले पेशंट पडल्या पडल्या तो वाचत. "ब्रदर, शेवटची वळ दिसाय लागली म्हंजे घरी सोडणार काय?" असं एकानं विचारलंही होतं.

बाहेर गावात भीती होती. बायकोनं माझ्या गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी बांधली होती. त्या दिवसांत सगळ्यांच्याच खिशात ती असायची, पण माझ्या पुरचुंडीत बायकोनं प्रेमानं मूठभर कापूर भरला होता. मी वॉर्डात शिरलो की आरतीची वेळ झाल्यासारखं वाटे. फाटकाजवळचा चहावाला मला वर्षानुवर्षं ब्रदर म्हणायचा. मी साथीच्या वॉर्डात लागलो त्याच आठवड्यात म्हणाला, "पावणं, जरा लांब हुबं ऱ्हावा की." एका वाक्यात मी भावाचा पाहुणा झालो. मग त्याच्याकडचा चहा सोडला आणि घरून थर्मास आणायला लागलो.

वॉर्डात पाळ्या फिरायच्या, पण नेमानं असायचो ते आम्ही तिघंच. पहिल्या आमच्या इन्चार्ज सिस्टर. निवृत्तीला टेकलेल्या, मूळच्या शाहूवाडीकडच्या. रोपलावणीच्या दिवसांत दरवर्षी रजा टाकून चिखलात उभ्या राहायच्या आणि पल्याडच्या बांधावर हाका मारून मारून कमावलेला आवाज घेऊन परत यायच्या. मास्कमध्ये आम्हा सगळ्यांचे आवाज दबले, त्यांचा मास्कच फडफडायचा. दुसरी सिस्टर मुरगूडची. आमच्यात सगळ्यात लहान. नवरा पुण्याला कंपनीत, चार वर्षांची मुलगी मुरगूडला आईजवळ, आणि ही दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये. आठवड्याची सुट्टी आली की ड्यूटी संपवून पहिल्या गाडीला मुरगूड. फोनवर आईला "जय भीम" म्हणून झालं की पुढचं सगळं बोलणं पोरीशी, तेही बोबडं. वॉर्डातले पेशंटसुद्धा ते ऐकायला कान टवकारत. तिसरा मी.

आमच्यात एक शब्द आहे, ओव्हर. पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला बेडवार सगळं सांगते. एक नंबर, ताप उतरला, जेवण बरं. दोन नंबर, खोकला तसाच, सलाइन चालू. याला ओव्हर देणं म्हणतात, आणि ऐकणारी ती ओव्हर घेते. "ओव्हर झाली का? कोण टाकतंय?" असं विचारणारे नातेवाईक दर महिन्याला एकतरी भेटायचे. ओव्हर घेणाऱ्यानं शेवटी विचारायचं असतं, काय औषध चालू आहे, काय करायचं राहिलंय. ते सांगितल्याशिवाय कोणी घरी जात नाही. ही आमची रीत.

आता माझ्या तापाची गोष्ट. त्या दिवशी अंग दुखत होतं. गाऊन, टोपी, मास्क, चष्मा असं सगळं चढवून दिवसभर उभं राहिलं की अंग दुखतंच, पण त्या दिवसांत साध्या शिंकेलाही कोणी साधी शिंक म्हणत नव्हतं. मागच्या खोलीत जाऊन मी थर्मासमधला उकळता चहा प्यालो, आणि आलोच आहे तर म्हणून तोंडात थर्मामीटर धरला. एकशे तीन. मी खाली बसलो. बायकोला फोन लावला आणि सांगितलं, मोटरसायकल विकू नको, मेव्हण्याला तर अजिबात देऊ नको. ती रडायला लागली, ते ऐकून मलाही रडू आलं. तेवढ्यात इन्चार्ज सिस्टर आत आल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, थर्मामीटरकडं पाहिलं, मग वाफाळणाऱ्या कपाकडं पाहिलं.

"चहा पिऊन तोंडात लावलासा?"

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात, गरम काही प्यायल्यावर तोंडात थर्मामीटर लावायचा नाही. मी स्वतः किती मुलींना ते शिकवलं होतं. इन्चार्ज सिस्टरनी पुढचं आख्यान वॉर्डाच्या मधोमध उभं राहून लावलं. ऑक्सिजनवरच्या पेशंटनाही हसू आवरेना. पुढं कितीतरी दिवस माझ्या हातात कप दिसला की कुठल्या ना कुठल्या कॉटवरून हाक यायची, "ब्रदर, ताप बघा."

सगळे हसले, मुरगूडची सिस्टर हसली नाही. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ब्रदर, खरंच एकशे तीन दावला? आन् आता किती हाय?" मी साधा ताप नाही म्हणून सांगितलं. तिनं माझ्या हातातून थर्मामीटर घेतला, धुतला, झटकला आणि आमच्याकडं पाठ करून स्वतःच्या काखेत धरला.

मग आमच्या लक्षात यायला लागलं. ती सारखा स्वतःचा ताप बघत होती. औषधं देता देता मध्येच मागच्या खोलीत जायची, ती यासाठी. डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. आणि मुरगूडला जात नव्हती. पहिल्या सुट्टीला म्हणाली कपडे धुवायचेत. दुसऱ्या सुट्टीला म्हणाली गाडी मिळाली नाही.

"मुरगूडला गाडी न्हाय म्हणती," इन्चार्ज सिस्टर मला म्हणाल्या. "स्टँडवर कंडक्टर बोलवून बोलवून बसवाय लागल्यात."

तिच्या घशाचा नमुना पुण्याला पाठवून झाला होता. तिचा रिपोर्ट स्वच्छ आला. मी तो मोठ्या ऐटीत तिला सांगितला. ती म्हणाली, "ती घशाची तपासणी हाय, ब्रदर," आणि हात धुवायला निघून गेली. फोनवरचं बोबडं बोलणंही बंद झालं होतं. तिची आई पोरीला फोन देते म्हणाली, की हिला वॉर्डातून कोणीतरी हाक मारत असे, जी आम्हा कोणाला ऐकू येत नसे. पोरगी आईला विसरणार नव्हती, चार वर्षांचं मूल एवढ्यात विसरत नाही. पण आई पोरीला पुन्हा जवळ घेईल की नाही, हे मात्र आम्हा दोघांनाही सांगता येत नव्हतं.

वरून कोणीतरी आमच्या मनाची काळजी केली आणि एक गृहस्थ ताणतणावावर बोलायला आले. चांगले होते बिचारे. त्यांनी सांगितलं, दीर्घ श्वास घ्या, पोट भरून हवा आत घ्या. साथीच्या वॉर्डाच्या दारात. इन्चार्ज सिस्टरनी विचारलं, "आत घ्यायची का भायेर जाऊन घ्यायची?" प्रात्यक्षिकाला मी पुढं झालो. मास्कमधून दीर्घ श्वास घेता घेता चष्मा धुकट झाला आणि मी गृहस्थांना सलाइनचा स्टँड समजून बाजूला सरकवलं. मुरगूडची सिस्टर तेव्हाही हसली नाही.

मला वाटलं, ही गोष्ट माझ्या अखत्यारीतली आहे. माणसाला हसवणं मला येतं. एका दुपारी माझी सकाळची पाळी संपत होती आणि दुपारच्या पाळीला इन्चार्ज सिस्टर यायच्या होत्या. त्या आल्या. म्हणजे गाऊन, टोपी, मास्क, चष्मा असं सगळं घालून कोणीतरी आलं आणि माझ्यासमोर उभं राहिलं. माझ्या कापरामुळं मला सगळे लांबून ओळखत, पण मला कोणीच ओळखू येत नसे, सगळेच निळे. त्या वेळी त्याच यायच्या होत्या, म्हणून त्याच आहेत असं मी धरलं. बेडवार ओव्हर दिली. पेशंट संपले. मग मी आवाज गंभीर केला आणि पुढं सुरू झालो.

"आणि एक ज्यादा पेशंट हाय, कॉटवर न्हाय, हिंडतोय. मुरगूडची सिस्टर. ताप न्हाय, पण तासात तीनदा बघती. जेवण न्हाय. झोप न्हाय, डोळं सुजल्यात. पोरीचा फोन घेत न्हाय. मुरगूडची गाडी बघितली की धाप लागती."

इन्चार्ज सिस्टर हसू दाबतायत असं मला वाटलं.

मग मास्कमधून आवाज आला, "औषध काय चालू हाय?"

"कशाचं औषध? काय न्हाय. मी आन् तुमी नुस्तं बघतोय."

"मग चालू करा की," ती म्हणाली.

इन्चार्ज सिस्टरचा मास्क फडफडायला हवा होता. तो फडफडला नव्हता. मी नीट पाहिलं. चष्म्याच्या आत सुजलेले डोळे होते. पाळी बदलून घेऊन ती लवकर आली होती आणि तिची ओव्हर मी तिलाच दिली होती, धापेसकट. मी म्हणालो, "सॉरी सिस्टर, मला वाटलं..." आणि पुढं काय वाटलं ते आठवेना.

"बरोबर दिलासा," ती म्हणाली. "थोडी ऱ्हायली. ती मी देते."

तेवढ्यात खऱ्या इन्चार्ज सिस्टर आल्या. आम्ही दोघं तसे उभे बघून त्यांनी मागच्या खोलीकडं बोट केलं. तिथं मुरगूडच्या सिस्टरनं मास्क उतरवला आणि एखाद्या पेशंटबद्दल सांगावं तशी स्वतःची ओव्हर दिली.

"खिडकीजवळच्या कॉटवरची बाई गेली तवापासनं हाय. माझ्याच वयाची हुती. केस लय गुतल्याती म्हणाली, म्हणून मी इस्कटून, विंचरून येणी घातली. दुसऱ्या दिवशी गेली ती. आता पोरीच्या येण्या घालायचं मनात आलं की ते केस हाताला लागल्यागत वाटतंय. किती धुतलं तरी. मी पोरीला हात लावला आन् तिला काय झालं तर?" मग म्हणाली, "झालं. एवढंच."

इन्चार्ज सिस्टरनी आपलाही मास्क उतरवला. मग म्हणाल्या, "माझी पण घ्या. गुडघं दुखत्यात हे सगळ्यांस्नी म्हाईत हाय. घरात गेलं की नवऱ्यावर वराडतीया आन् न्हाणीत जाऊन रडतीया हे म्हाईत न्हाय. आजपासनं वॉर्डाची ओव्हर झाली की आपापली द्यायची. ब्रदर, तुमी."

मी म्हणालो, माझी तब्येत उत्तम, फक्त चहा प्यायल्यावर एकशे तीन.

"ही ओव्हर न्हाय, तमाशा हाय. परत द्या."

परत दिली. काय दिली ते इथं लिहीत नाही, पण तमाशा नव्हता.

औषध चालू करायचं तर डॉक्टर हवेत. मानसोपचाराची ओपीडी आमच्याच दवाखान्यात, पहिल्या मजल्यावर होती. अडचण तिच्या बाकाची होती. तो बाक जिन्याच्या तोंडाला, येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तिथूनच जाणार.

"सगळी बगतील," मुरगूडची सिस्टर म्हणाली. "सिस्टरलाच खूळ लागलं म्हणतील."

"ब्रदर संगट जातील," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. "ह्यांस्नी बगून तुज्याकडं कोण बगतंय?"

आणि तसंच झालं. बाकावर आम्ही दोघं बसलो आणि पहिलाच आला तो ऑफिसातला क्लार्क. माझ्याजवळ वाकून म्हणाला, "ब्रदर, कधीपासनं वाटाय लागलंय?" मग तिच्याकडं वळून, "बरं केलासा सिस्टर, वेळेत आणलासा." एक्स-रेवाला आला, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता गेला. थर्मामीटरची गोष्ट सगळ्या इमारतीत पसरली होतीच, त्यामुळं कोणाला नवल वाटलं नाही. मी प्रत्येकाला म्हणत होतो, "व्हय, सुरुवात हाय." शेजारी काहीतरी हललं. बघतो तर मुरगूडची सिस्टर रुमालात तोंड खुपसून हसत होती. कितीतरी आठवड्यांनी. माझ्या इज्जतीचं त्या बाकावर जे काही झालं, ते वसूल झालं.

डॉक्टरबाईंनी दार उघडून विचारलं, "कोण आहे?" मी म्हणालो, "ह्या." ती म्हणाली, "हे." बाई म्हणाल्या, एकेक करून दोघंही या. मी म्हटलं, आधी माझं उरकून घेतो, दोन मिनिटांचं काम. आत गेलो आणि असा बोलत सुटलो की सिस्टर बाहेर ताटकळली, तिच्यामागं रांग लागली आणि शिपायानं दोनदा दार ठोठावलं. गप्प राहिलो की रिकाम्या झालेल्या कॉट डोळ्यांपुढं येतात, म्हणून सारखा बोलतो, असं काहीतरी मी सांगितलं म्हणे. मला वाटलं होतं, मी तिला घेऊन आलोय.

तिला झोपेची गोळी मिळाली, दर आठवड्याला येऊन बोलून जायला सांगितलं, आणि इन्चार्ज सिस्टरनी भांडून तिला काही दिवस बाळंतिणींच्या वॉर्डात टाकलं. तिथं ती जेवायला लागली. थर्मामीटर पेशंटच्याच काखेत राहायला लागला. डॉक्टरबाईंनी सांगितलं, आता मुरगूडला जाऊन या, पण पहिल्या खेपेला एकट्या जाऊ नका. इन्चार्ज सिस्टरनी माझ्याकडं पाहिलं. मी या वेळी हातसुद्धा वर केला नव्हता.

बिद्रीवरून जाणाऱ्या गाडीत ती खिडकीला बसली. साखर कारखान्याजवळ मळीचा वास आला तेव्हा म्हणाली, "आता अर्ध्या तासात मुरगूड येईल." मग म्हणाली, "ब्रदर, मी लांबच बसणार हाय. पोरीला आईच्या मांडीवर बसवायची आन् बोलायचं. हात लावायचा न्हाय. पुढच्या खेपेला येण्या घालीन. एवढंच आज जमंल." मी म्हटलं, एवढंच करू. माझ्याकडं एक विनोद तयार होता, तो मी गिळला.

घर गल्लीच्या टोकाला होतं. आई दारातच उभी होती, आणि तिच्यामागून पोरगी डोकावली. पोरीचा बॉबकट केलेला होता. बॉबकट म्हणणंही सभ्यपणाचं झालं, घरच्या कात्रीनं कुठं लांब, कुठं आखूड असं डोकं कापलं होतं. जावळ काढताना अर्ध्यातून पळून गेल्यासारखी दिसत होती.

सिस्टर पायरीवरच थांबली. "आई, पोरीचं केस कुठं गेलं?"

"कापलं," आई म्हणाली. "उवा झालत्या. तू येत न्हाईस, रोज कोण विंचरणार तिला? माजं डोळं काय आता तसं हायत व्हय?"

"म्हणून आसं कापायचं? हे काय केलंस हे? इकडं कान उघडा, तिकडं झिपऱ्या." ती पायऱ्या चढली, पोरीला धरून उजेडात ओढली, खाली बसून तिचं डोकं दोन्ही हातांत घेतलं आणि मानेपासून टाळूपर्यंत बोटं घालून बघायला लागली. "मागनं तर खड्डाच पाडलाय. आन् उवा गेल्यात कुठं? ही बघ लीक. तुला मी तेल दिलतं की गं, ते का लावलं न्हाईस?"

आई तोंडाला तोंड देत होती. पोरगी दोघींच्या मध्ये मान वाकडी करून उभी होती आणि मिटक्या मारत होती, बहुतेक आईनं आणलेल्या पिशवीत काय आहे याचा विचार करत. सिस्टरचे हात त्या डोक्यावरून फिरत होते आणि तोंड चालू होतं. मी अंगणात उभा होतो. तिला सांगावं असं मला फार वाटत होतं. मी सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं सांगायला काहीतरी होतं आणि मी गप्प बसलो.

बऱ्याच वेळानं तिचा आवाज आपोआप कमी झाला. तिनं आपल्या हातांकडं पाहिलं. ते अजून पोरीच्या केसांत होते. तिनं ते काढले नाहीत. पोरगी म्हणाली, "आई, दुखतंय."

"गप ऱ्हा जरा," ती म्हणाली, आणि आईला, "बारीक फणी आण. आन् पावण्यांस्नी च्या टाक."

दुपारच्या पाळीला मला परत पोहोचायचं होतं. चहा पिऊन मी उठलो आणि विचारलं, गाडीची वेळ झाली, येताय ना? ती पोरीला पुढ्यात धरून पायरीवर बसली होती, मान खाली, हातात फणी.

"तुमी जावा, ब्रदर," ती म्हणाली. "हिचं डोकं झाल्याबिगर मला हलता येत न्हाय. उद्या सकाळच्या ड्यूटीला येते म्हणून सांगा."